डावीकडची सीट

आम्ही बडोद्याचेच म्हणायचं, त्याआधी कोकणात कुठे घर होतं ते वडिलांनाही धड सांगता यायचं नाही. आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खासगी कारभारात, कारकून, वडील कलेक्टर कचेरीत, आणि मी नारायण, घरातला पहिला माणूस ज्याची नखं काळी. गुजरात वेगळं झालं तेव्हा मी दुसरीत होतो. पुढे मॅट्रिकला गणितात गेलो आणि छाणीला एका गॅरेजात लागलो, तर वडील सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण त्याआधी एक शिकवण घालून ठेवली होती, सगळ्या भावंडांना, की आपण दरबारी माणसं, आपण मागायचं नाही. पंगतीत वाढपी पुढे निघून गेला तरी पान कोरडं ठेवून बसायचं, हाक मारायची नाही. काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या जेवणातून मी कितीदा बिनाजिलबीचा उठलोय.

तर त्या गाड्या. आमचे एक शेठ आहेत, गुजराती, माणूस दिलदार, खोटं कशाला बोलू. त्यांना जुन्या बिनटपाच्या गाड्यांचा नाद. लहान गाड्या, दोन माणसांच्या, वर छप्पर नाही, पुढची काच पण आडवी पाडता येते, आणि पेट्रोल किती उरलंय ते टाकीत काठी बुडवून बघायचं. त्यातली एक हिरवी गाडी त्यांनी भंगारातून उचलून माझ्याकडे आणून टाकली, आणि मी तिच्यावर चार वर्षं काम केलं. चार वर्षं, बराबर. पार्ट मिळायचे नाहीत, लेथवर बसून बनवायचे. लोक म्हणायचे नारायणभाईंना दुसरी बायको मिळाली, आणि आमची सुधा म्हणायची मग तिलाच सांगा भाकरी टाकायला.

गाडी उभी राहायला आली तेव्हा शेठनी ठरवलं, मित्रमंडळी मिळून आठ गाड्या घेऊन बडोद्याहून जैसलमेर, आणि परत. मी मागून जीपमध्ये, हत्यारं घेऊन. आणि शेठ आपण होऊन म्हणाले, मी मागितलं नव्हतं, की नारायणभाई, येताना छाणी नाक्यापासून गावात गाडी तुम्ही चालवायची, भाभीने बाजूमां बेसाडजो, म्हणजे वहिनींना शेजारी बसवा. शेठ आपल्या तोंडाने म्हणाले.

मी घरी येऊन सुधाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची साडी इस्त्रीला गेली. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तेव्हाही होता, आणि त्या गाड्यांची सीट अगदी जमिनीला टेकलेली, बसलं की उठता येत नाही. तर मी काय केलं, समा भागातल्या आमच्या घरात तिला खुर्चीवर बसवून दोऱ्याने गुडघ्यापर्यंत मापं घेतली, ती म्हणते काय चाललंय, ब्लाऊज शिवताय का, आणि त्या मापाने डावीकडची सीट चार बोटं वर उचलली, थोडी पुढे घेतली. शेठना सांगितलं नाही. त्या एका सीटवर जगात एकच बाई आरामात बसली असती.

बारा दिवसांची ती ट्रीप. उदेपूरच्या घाटात अर्ध्या गाड्या तापल्या, मी आणि माझी पाण्याची डबडी. शेठना क्लचवर पाय ठेवून चालवायची खोड, जोधपूरला क्लच जळला, मी रस्त्यावर पालथा पडून तो उतरवला आणि मंडळी तोवर फोटो काढत होती. एक पाहुणे जोडपं होतं, परदेशातून आलेलं, त्यांच्या गाडीचा अ‍ॅक्सल येताना हिंमतनगरजवळ तुटला तो कायमचाच. त्यांना जीपमध्ये घेतलं, ती बाई सारखी रुमालाने नाक पुसत होती, धुळीने हो, तिचा काय दोष.

छाणी नाक्यावर पोचलो तर ढोलवाले, फोटोवाले. आणि सुधा. मोरपंखी साडी, हातात ताट, निरांजन, कुंकू. आमच्यात प्रवासातून आलेल्याला ओवाळतात ना. शेठ हिरव्या गाडीतून उतरले, माझ्याकडे आले, मला वाटलं किल्ली देतायत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नारायणभाई, पाहुण्यांची गाडी मोडली, बिचारे जीपमधून गावात कसे शिरणार, आ गाडी एमने आपी दउं, चालशे ने? म्हणजे ही गाडी त्यांना देऊ, चालेल ना.

सुधा दहा पावलांवर उभी होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की शेठ, ती माझी बायको. पुढचं त्यांनीच केलं असतं, माणूस वाईट नाही, त्यांना आठवण राहिली नव्हती इतकंच. पण वडील सरणावर गेले तरी जिभेवर बसलेले. मी म्हटलं, चालशे.

पाहुणे बसले, ती बाई डावीकडे बसली. लांब पायांची, तिचे गुडघे पार डॅशबोर्डला, म्हणाली असेल कुणी गाढवाने सीट बसवलीय. आणि शेठनी ताट बघितलं आणि खूश, वा, स्वागत पण आहे. आता पेटलेलं निरांजन घेऊन बाई मागे फिरत नाही. सुधा पुढे गेली, गुडघा धरत, आणि तिने त्या दोघांना ओवाळलं. तिच्या सीटवर बसलेल्या बाईला कुंकू लावलं. शेठनी ताटात ओवाळणीची नोट टाकली. ती नोट तिने वाटेतल्या मारुतीच्या पेटीत टाकली, घरात आणली नाही. रिक्षात मला एकच वाक्य म्हणाली, तुम्ही चार वर्षं दिलीत, एक वाक्य दिलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं झालं, फक्त तोंड मीच दाबलं होतं.

सतरा वर्षं झाली. गाडी दर दिवाळीआधी माझ्याकडेच येते कामाला. एकदा सुधाला म्हटलं, चल, आज गॅरेज बंद आहे, छाणीत एक चक्कर मारू, तुझ्याच मापाची आहे. म्हणाली, चोरून नको.

आणि जित्याची खोड बघा. गेल्या आठवड्यात शेठचा फोन, ते ऐंशीचे, मी बहात्तरचा, पुन्हा निघायचंय म्हणे, या वेळी कच्छ, नारायणभाई तुमच्याशिवाय कोण, आवशो ने, याल ना? मी विचार करायच्या आत म्हणून बसलो, चालशे. सुधा तिथेच भाजी निवडत होती. तिने विचारलं किती दिवस, मी म्हटलं आठ. बरं म्हणाली, गोळ्या मोजून देते. मग देठं गोळा करत म्हणाली, यंदा मी नाक्यावर येणार नाही हं.

तुम्ही तरुण आहात, देव तुम्हाला सुखात ठेवो, आणि बोलायला तोंड देवो. चहा घ्या, गार होतोय.