शिशाचं सील

भरती कचेरीच्या बाकावर ताइसिया मुलाचे कागद मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या बाकावर दोघं बोलत होती, काळा रुमाल बांधलेली रुफिना पेत्रोव्हना आणि फौजेत जन्मभर ट्रक चालवलेला म्हातारा ग्लेब सावेलिच.

"ट्रक नदीत अडकला म्हणता. मग पुढची चाकं इंजिनाला जोडली नव्हती का तुमच्या पोरानं?"

"जोडली होती. पण एकच चाक गाळात गरगरत होतं म्हणे, बाकीची ढिम्म."

"मग डिफरन्शियल लॉक करायचं की! दांडा ओढला की सगळी चाकं मिळून जोर लावतात."

"दांड्याला तार बांधली होती. तारेवर शिशाचं सील."

"हा शहाणपणा कुणाचा?"

"कॅप्टनचा. पोरं पक्क्या रस्त्यावर लॉक काढायला विसरतात, अ‍ॅक्सल मोडतात. म्हणून परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

"आणि कॅप्टन कुठे होता?"

"पलीकडच्या काठावर. आणि पाणी चढत होतं."

"अहो, ती तार दातानं तुटते! आम्ही दर वसंतात, बर्फ वितळून नद्या फुगल्या की, तोडायचो, शिव्या खायचो आणि जिवंत घरी यायचो."

"मला प्रशस्तिपत्र दिलंय त्यांनी. ट्रक बाहेर काढला तेव्हा सील शाबूत होतं, असं लिहिलंय."

"आग लागो त्या कागदाला! इतकं आज्ञाधारक असतं का कुणी?"

"शेजारणीच्या झाडाचं सफरचंदसुद्धा विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हे मीच शिकवलं होतं त्याला, ग्लेब सावेलिच. चांगलं बडवून शिकवलं होतं."