आईची साक्ष

नाही, तुम्हीच सांगा, मला आवाजाचा त्रास होतो की नाही हे ठरवायला आईला कशाला बोलवायचं? कान माझे, ऑफिसात डोक्याशी दिवसभर घरघरणारा प्रिंटर माझ्याच नशिबी, आणि साहेब म्हणतात, "जागा बदलून हवी? डॉक्टरांचा कागद आणा." म्हणून गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा ऑटिझम असू शकतो, पण तो लहानपणापासून असतो, तेव्हा तुमचं लहानपण पाहिलेलं माणूस हवं." चौतीस वर्षांची बाई मी, गेले आईला घेऊन! आणि हे लहानपण पाहिलेलं माणूस म्हणजे कसं... तर स्वेटर टोचतो म्हटलं की "नाटकं, दुसरं काय!", मिक्सर लागला की मी पलंगाखाली, "नाटकं, दुसरं काय!" आणि एकदा पाहुण्यांसमोर कानांवर हात ठेवले म्हणून असा धपाटा बसला, की तुम्हाला सांगते, तेव्हापासून हात मांडीखाली दाबून बसायला शिकले मी. आतून किंचाळायचं, वरून हसायचं. सगळे म्हणायचे, काय गुणी पोर आहे!

तर डॉक्टरीणबाई विचारतात, "लहानपणी आवाजाचा त्रास व्हायचा?" आई चष्मा सावरून म्हणते, "छे हो! अगदी गुणी मूल. कधी तक्रार म्हणून नाही." कधी तक्रार म्हणून नाही! अगं, तक्रार करायची सोय कुठे ठेवली होतीस? "कपड्यांचा?" "छे." "खाण्याचा?" "देऊ ते खायची." बाईंचं पेन प्रत्येक 'छे'ला एक फुली मारतंय आणि माझा कागद डोळ्यांदेखत हातचा चाललाय... प्रिंटर जन्माचा बोकांडी बसला म्हणा!

एवढ्यात भिंतीवरच्या, आपोआप फवारा मारणाऱ्या सुगंधाच्या डबीनं फुस्स केलं... खोटा गुलाब, थेट मेंदूत! मांडीखालचे हात कधी सुटले कळलंच नाही, एक नाकावर, एक कानावर, खुर्चीतच गोळा झाले मी. आणि आई लाजेनं लालबुंद, "बघा, बघा! नाटकं, दुसरं काय! तीन वर्षांची असल्यापासून हेच चाललंय!"

बाईंचं पेन थांबलं. "तीन वर्षांची असल्यापासून?"

"मग! स्वेटर घातला की अंग ओरबाडायची. मिक्सर लावला की पलंगाखाली. ताटात एकाला दुसरं लागलं की उपाशी उठायची. छळलंय हो हिनं मला!" ...दहा मिनिटं थांबली नाही. एकूण एक लक्षात होतं तिच्या! एकूण एक! आणि मी समजत होते, हिला दिसतच नव्हतं. रडूच फुटलं मला. तर म्हणते, "आता रडायला काय झालं?"

मिळाला कागद. प्रिंटरही हलला. पण इतकी वर्षं मी सांगितलं की नाटकं, आणि त्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय सांगू? "माहिती देणारी व्यक्ती: आई. माहिती विश्वासार्ह."

असू दे... घरातल्या एकीचं तरी खरं मानलं कुणीतरी.