मानवी सांगाडा (अस्सल), नग एक

नाव : सौ. पद्मावती अनेकांत मगदूम, वय ४७ वर्षे, धंदा – नोकरी (माध्यमिक शिक्षिका, विषय जीवशास्त्र), रा. कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर.

आज दि. १८/०७/२०२५ रोजी दुपारी ३.४० वाजता मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती अनेकांत व सासूबाई यांच्यासह राहते. पतीचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. घरापासून सात किलोमीटरवरच्या माध्यमिक विद्यालयात मी जून २००३ पासून नोकरीस आहे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शाळेची प्रयोगशाळा तेव्हापासून माझ्या ताब्यात आहे. तिची एक किल्ली माझ्याकडे व दुसरी मुख्याध्यापकांकडे असते.

प्रयोगशाळेत काचेच्या उभ्या कपाटात माणसाचा पूर्ण सांगाडा लोखंडी आकड्याला टांगलेला होता. मी रुजू झाले तेव्हापासून तो तिथेच होता. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद दि. १४/०८/१९९७ ची असून ती "मानवी सांगाडा (अस्सल), नग १" अशी आहे. सोबतची पावती भिजलेली आहे, दुकानाचे नाव वाचता येत नाही. सांगाडा प्लॅस्टिकचा नसून खऱ्या माणसाचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. पूर्वी बऱ्याच शाळांतून असे सांगाडे असत. त्यात गैर काही आहे असे मला कधी वाटले नाही. आम्ही जैन आहोत. बेडूक, झुरळ कापण्याचे प्रयोग मी कधी केले नाहीत. सांगाड्याचा तास मला आवडे, कारण त्यासाठी कोणाला मारावे लागत नाही, असे मी मुलांनाही सांगत असे.

हाडांचा धडा खालच्या वर्गांना आहे. तरीही नववीला मी दरवर्षी जुलैमध्ये एक जादा तास घेते. मुलांना कपाटाभोवती उभे करते आणि या माणसाबद्दल हाडे काय सांगतात ते वहीत लिहायला लावते. कंबरेच्या हाडावरून पुरुष. मांडीचे हाड मुले टेपने मोजतात, ते त्रेचाळीस सेंटिमीटर भरते, त्यावरून उंची साधारण पाच फूट चार इंच. दातांवरून वय चाळिशीच्या आसपास. डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडून वाकडी जुळलेली आहेत, जोडाच्या जागी गाठ आहे. हाड स्वतःहून कसे जुळते ते मी त्या गाठीवरून शिकवते. वरच्या पुढच्या दाताला मधोमध खाच आहे. दाताने दोरा तोडणाऱ्याला अशी खाच पडते, म्हणून हा शिंपी असावा असे मी बावीस वर्षे सांगत आले. तो कोण, कुठला, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

यंदा हा तास मंगळवार दि. १५/०७/२०२५ रोजी झाला. वर्गात कु. राजनंदिनी, वय १४, ही विद्यार्थिनी होती. तिचे आईवडील इचलकरंजीला कामाला असल्याने ती शाळेच्या गावीच आईच्या आईजवळ राहते. गुरुवारी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली व दाताची खाच उजव्या बाजूच्या दाताला आहे का डाव्या, असे तिने विचारले. मी कपाट उघडून दाखवले. उजव्या बाजूच्या. तिने ते हातावर पेनने लिहून घेतले. कशाला हवे, असे मी विचारले असता आजीने विचारून ये म्हणून सांगितले आहे, असे ती म्हणाली. मी हसून सोडून दिले.

आज सकाळी १०.१५ वाजता मी शाळेत पोहोचले तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराशी राजनंदिनीची आजी श्रीमती शालूबाई गुंडू पोवार, वय अंदाजे ७०, या एकट्या उभ्या होत्या. मी त्यांना पालकसभेत पाहिले होते. त्यांच्या कपाळाला कुंकू होते व गळ्यात काळी पोत होती. हातात कापडी पिशवी होती. त्या मला म्हणाल्या, "दार उघडता का, बाई. एकडाव बघून जाते."

मी दार व कपाट उघडले. भिऊ नका, असे मी त्यांना म्हणाले. त्यांनी कवटीकडे पाहिले नाही. आधी डाव्या हाताला हात लावला. कोपरापासून खाली अंगठा फिरवत आणला आणि गाठीवर थांबवला. बराच वेळ तो तिथेच होता. मग वर बघून दात पाहिला. नंतर त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

"आमचं मालक हाईत," असे त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितले ते असे : पती गुंडू सखाराम पोवार हे मार्केट यार्डात पोती शिवायचे काम करत. सुतळी दाताने तोडत. एकदा उसाच्या गाडीवरून पडून डावा हात मोडला. हाडवैद्याने पट्टी बांधून दीड महिना सोडू नका म्हणून बजावले होते. "लई खाजतंय म्हनालं. म्हून अठराव्या दिवशी मीच कातरीनं सोडली. तवापासनं हात वाकडा," असे त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी तो हात सोडला नव्हता.

सन १९९६ च्या फेब्रुवारीत गुंडू पोवार गावातल्या एकासोबत पुण्याच्या बाजूला एका गोदामात कामाला गेले. दोन महिन्यांनी सोबतचा माणूस त्यांची वळकटी घेऊन एकटाच परत आला. ताप आला म्हणून सरकारी दवाखान्यात टाकले होते, दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर खाटेवर दुसराच होता, असे त्याने सांगितले. दवाखाना कोणता ते त्याला धड सांगता आले नाही. तो माणूसही आता हयात नाही. शालूबाई तेव्हा दोन वेळा पुण्याला जाऊन आल्या. मेल्याचे कोणी सांगितले नाही म्हणून त्यांनी कुंकू पुसले नाही. ते आजतागायत लावतात.

मी विज्ञानाची शिक्षिका असल्याने त्यांना सांगितले की, हात वाकडा जुळलेली माणसे पुष्कळ असतात, तपासणीशिवाय खात्री होत नाही. त्या "व्हय" म्हणाल्या आणि कपाटासमोर फरशीवर बसल्या.

मी मुख्याध्यापक श्री. विजयसिंह इंगवले यांना बोलावून आणले. ते शालूबाईंशी नीट बोलले. लेखी अर्ज द्या, संस्थेपुढे ठेवतो, असे त्यांनी सांगितले. मला बाजूला घेऊन ते म्हणाले की, वस्तू रजिस्टरला आहे, संस्थेच्या परवानगीशिवाय हलवता येणार नाही, गावात बोभाटा होईल, तुम्ही कपाटाला कुलूप घाला. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. रजिस्टरला वस्तू म्हणूनच नोंद आहे.

मी आमच्या शाळेचे निवृत्त प्रयोगशाळा परिचर श्री. आकाराम सुतार यांना सकाळी ११.०५ वाजता फोन केला. सांगाडा आला तेव्हा ते नोकरीस होते. त्यांनी सांगितले की, हाडे सुटी, गवतात घालून लाकडी पेटीतून आली होती आणि तारेने त्यांनीच जोडली. पेटी उघडल्यावर दोन दिवस प्रयोगशाळेत वास होता. "हात वाकडा निघाला म्हून तवाचं हेडसर माल परत लावा म्हनत हुतं. मीच म्हनालो, ऱ्हाऊ दे, एवढं कोन बघतंय," असे ते म्हणाले. मी त्यांना कारण सांगितले. त्यांनी फोन बंद केला.

मी प्रयोगशाळेत परत आले तेव्हा दहावी ब चा प्रात्यक्षिकाचा तास सुरू होणार होता. मुले दाराशी दाटीने उभी होती. शालूबाईंनी पिशवीतून धुतलेले धोतर काढून सांगाड्याच्या कंबरेला गुंडाळले होते. धोतर जुने, घडीवर पिवळे पडलेले होते. मी मुलांना मैदानावर पाठवले. राजनंदिनी मात्र गेली नाही. ती आजीशेजारी उभी राहून कपाटाकडे पाहत होती. तीन दिवसांपूर्वी त्याच मांडीच्या हाडाचे माप तिने घेतले होते आणि सर्वांत अचूक म्हणून मी तिची वही वर्गाला दाखवली होती.

त्यानंतर मी मुख्याध्यापकांच्या नावे चिठ्ठी लिहून शिपायाकडे दिली. त्यात सांगाडा माझ्या जबाबदारीवर पोलीस ठाण्यात नेत आहे, असे लिहिले आहे. मला कोणी तसे करण्यास सांगितले नव्हते. मी पतीला फोन करून गाडी मागवली. त्यांना मी फोनवर फक्त 'गाडी घेऊन या' एवढेच म्हणाले. ते आले, दारात उभे राहून त्यांनी आतले पाहिले, चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन आकडा सोडवायला हात लावला.

पती डिक्की उघडत असताना शालूबाई म्हणाल्या, "डिक्कीत नगं." म्हणून मागच्या सीटवर चादर अंथरली. शालूबाई आत बसल्या व डोक्याची बाजू त्यांनी मांडीवर घेतली. पती गाडी चालवत होते, राजनंदिनी पुढे माझ्याजवळ दाटीने बसली. शाळेपासून ठाण्यापर्यंत वीस मिनिटे लागली. वाटेत शालूबाई हळू आवाजात बोलत होत्या. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. लेक कुठे दिली, जावई कसा आहे, असे काही शब्द मी ऐकले. बाकीचेही ऐकले. त्याचा तपासाशी संबंध नसल्याने सांगत नाही.

ठाण्यात आल्यावर शालूबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढून ठाणे अंमलदारांसमोर ठेवला. ती दि. ०९/०५/१९९६ रोजी याच ठाण्यात त्यांनी दिलेल्या बेपत्ता तक्रारीची प्रत होती. अंमलदारांनी मागच्या खोलीतून जुनी नोंदवही शोधून आणली. त्यात तीच नोंद मिळाली. ओळखीच्या खुणा या रकान्यात "डावा हात कोपराखाली वाकडा, वरचा उजवीकडील पुढचा दात मध्ये झिजलेला, उंची ५ फूट ४ इंच" असे लिहिलेले आहे. मला ते वाचायला दिले. मी दोन वेळा वाचले. दरवर्षी माझी मुले वहीत जे लिहितात तेच त्यात होते. ही वही आणि माझ्या प्रयोगशाळेतले कपाट यांच्यात सात किलोमीटर अंतर आहे. शालूबाईंचे घर तर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आजवरच्या पालकसभा प्रयोगशाळेला लागून असलेल्या वर्गात झाल्या, मधे फक्त एक भिंत आहे.

सांगाड्याचा पंचनामा माझ्यासमक्ष झाला. एकूण हाडे व तारेचे जोड मोजले गेले. दात व मांडीच्या हाडाचा नमुना तपासणीस पाठवणार असून शालूबाईंच्या मुलीचे रक्त घेणार आहेत, अहवाल येईपर्यंत सांगाडा ताब्यात मिळणार नाही, असे ठाण्याच्या साहेबांनी शालूबाईंना समजावून सांगितले. किती दिवस लागतील, असे त्यांनी विचारले. नक्की सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. "एकोणतीस वर्सं झाली. आता बसती की," असे त्या म्हणाल्या. धोतर सोडू नये एवढी विनंती त्यांनी केली व ती मान्य झाली.

हा सांगाडा गुंडू पोवार यांचाच आहे का, असे मला जबाब घेताना विचारण्यात आले. तपासणीशिवाय सांगता येत नाही, असे मी वर्गात शिकवते व इथेही तेच सांगायला हवे. पण मला विचाराल तर तो त्यांचाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. जबाबाला येण्यापूर्वी मी बाहेर बाकावर शालूबाईंजवळ बसले होते. त्यांनी मला विचारले, "पोरं हसायची का वो तेस्नी?"

मी म्हणाले, "नाही, आजी. सगळी पोरं त्यांना सर म्हणायची."

त्या म्हणाल्या, "सही येत न्हवती. अंगठा द्यायचं. आन् सर म्हनायची." त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर मला तिथे बसवेना, म्हणून मी आत आले.

मी दिलेले उत्तर खोटे आहे. मुले हसत असत. त्यांनी त्याचे नाव हाडकुळे सर ठेवले होते. शिक्षकदिनी त्याला टोपी व गॉगल घालत, निरोप समारंभाला त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत. असे फोटो माझ्याकडेही आहेत. मी कोणाला कधी रागावले नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला हजेरी घेताना सगळ्यांची नावे संपली की शेवटी "हाडकुळे" असे मीच पुकारायची आणि सगळा वर्ग एका आवाजात "हजर" म्हणायचा. बावीस वर्षे पुकारले. मंगळवारीही पुकारले होते. राजनंदिनीही हजर म्हणाली होती.

महिला हवालदारांनी माझा जबाब संगणकावर टंकून मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही, काढून टाकू का, असे त्यांनी विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.