उचललेली जीप आणि सासूबाई

...आणि वर तोंड करून मेस्त्री म्हणतोय कसा, “दोन्ही कसं मिळंल, अण्णा?” अरं, मग जीप चार इंच उचलताना तोंडात काय होतं तुझ्या, गुटखा? तुम्हाला सांगतो, ही सगळी अक्कल माझ्या मेहुण्याची, आशिषची. पुण्यात एसीत बसून व्हिडिओ बघायचे आणि इकडं फोन, “दाजी, जीप उचला, लई रुबाब येतोय!” रुबाब! ह्यानं चिखल बघितलाय तो फक्त मोबाईलात! उचलली, म्हंजे स्प्रिंगा बदलून चाकांवर उंच केली. आमच्या अनगोळातनं बाहेर पडलो, तर खाली कोण विव्हळतंय? जीपच! ज्यानं उचलली त्याच वडगावच्या नागेंद्र मेस्त्रीनं खाली डोकं घातलं, “पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट वाकड्यात फिरतोय.” मग स्प्रिंगखाली पाचर ठोकली, शाफ्ट जोडतोय ते एक्सलचं नाक वर केलं... विव्हळणं बंद! पण स्टिअरिंग? एकदा वळवलं की सरळ यायचं नावच न्हाय! “कास्टर गेला, अण्णा.” कास्टर? मला वाटलं एरंडेल पाजायला सांगतोय! तर म्हणे चाकांचा मागं झुकलेला कल, त्यानंच स्टिअरिंग आपोआप सरळ येतंय. नाक वर केलं की कल जातोय, कल आणला की नाक खाली. “एकच एक्सल, दोन्ही कसं मिळंल, अण्णा?” अरं शहाण्या, उचलायच्या आधी दोन्ही होतं की!

आता मला घाई कशाची? सासूबाईंची! नागुबाई, कागलच्या. लग्नापासनं त्यांचं ठाम मत, जावयाला अक्कल न्हाय. निपाणी स्टँडवरनं त्यांना रुबाबात घरी आणायचं आणि ते मत कायमचं पुसायचं, एवढीच माझी इच्छा हो! शाफ्टाचं रडणं नको म्हणून कल सोडला, नाक वर ठेवलं. नागेंद्र शेजारी बसला, “ट्रायल बघतो.” निपाणी स्टँडवर सासूबाईंना स्टुलावरनं मागं चढवलं... तो एक अपमान झालाच! निघालो. रस्त्याला डावीकडं उतार, जीप निघाली उताराला, मी ओढतोय उजवीकडं, ती ऐकंल तर शपथ! नागेंद्र घाबरला की मराठी विसरतोय, सुटला कानडीत ओरडत, “येड! येड!” आता कानडीत येड म्हंजे डावीकडं, गाडी डावीकडं चाललीय म्हणतोय बिचारा! पण कागलच्या बाईला कानडी कुठली?

मागनं सासूबाईंचा आवाज, “व्हय रं लेकरा! इतक्या वर्षांत तूच पहिला, जावयाच्या तोंडावर बोललास!”

अर्थ सांगणार होतो हो मी... पण तोवर जीप तंबाखूच्या रानात जाऊन उभी. आता कुठल्या तोंडानं सांगू?