डोंगा वर काढू नका

नाही साहेब, तो डोंगा आज पान्यातून नाही निघनार — तुमी तलावाच्या पाळीवरूनच पान्याचा फोटो काढा ना. विमा कंपनीले फोटोच पाह्यजे ना? मंग काहून वर काढाचा? आता मिरगाचं पानी आलं, तलाव भरला, खाली गाळ असा का मानूस कमरीपर्यंत जाते. चार मानसं लावली तरी का होते, आधी एकेक गोटा काढा लागते, तवा कुठं तो हलनार —

कोनते गोटे? तळातले. तलावात गोटे असतेच ना... डोंग्यात म्हटलं का मी? डोंग्यात म्हटलं?

बसा साहेब. साकोलीवरून पान्यापावसाचे आले तुमी, खाटेवर बसा. पार्वता, चहा मांड वं. घरवाली हाये माही, तिले नाही मालूम — हळू बोलतो.

मीच भरले गोटे. आता चोरी केली असं नोका समजू, दरसाल भरतो. वैशाखात मासोळीचं काम सरलं का डोंगा रिकामा, अन् ऊन लागलं का सागाच्या फळ्या उकलतेत, बोट जाईन एवढ्या फटी पडतेत. म्हून गोटे भराचे अन् डोंगा पान्यात बुडवून ठेवाचा. लाकूड फुगून राह्यते, मिरगात काढला का नव्यावानी. माह्या बापानं असंच केलं. यंदा गोटे भराले नत्थू होता संगं — तो शेजारचा, ज्याचा दुसरा कागद तुमच्या फायलीत हाये. त्याचा डोंगा वरच बांधून होता. कोनाच्या लग्नाची मासोळी द्याची होती त्याले, म्हने आठ दिवसानं बुडवीन.

चौथ्याच दिवशी वादळ आलं. नत्थूच्या डोंग्याचं दावं तुटलं, तो दगडी पाळीवर आपटला, दोन तुकडे झाले, बुडाला. खरं बुडाला साहेब, माह्या डोळ्यादेखत. आईची शपथ — आता माही शपथ कोन मानते म्हना.

दुसऱ्या दिवशी आमच्या मासोळी संस्थेचा सेक्रेटरी पाळीवर कागद घेऊन आला, कोनाकोनाचे डोंगे गेले म्हने, विमा हाये. नत्थू रडून राह्यला होता. अन् मी — मले कोनी विचारलं बी नाही साहेब — मी म्हटलं, माहाबी लिहा. काहून म्हटलं? का सांगू. डोंगा जुना झाला, नवा आला तर बरं, एवढंच आलं डोक्यात. लाज नाही वाटली तवा. साक्षीदार पाह्यजे होता, नत्थूलेच म्हटलं, कर रे सही. त्यानं माह्याकडे पाह्यलं. गोटे त्याच्याच हातानं भरले होते ना! पाह्यलं, अन् केली सही. आजपर्यंत कोनाले सांगितलं बी नाही.

आता मिरग गेला, सगळ्यायनं डोंगे काढले. माहा खाली धडधाकट पडून हाये, मी काढू शकत नाही — कसा काढू, कागदावर तो फुटला ना! अन् नत्थू ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकाले जाते. पोहता येते म्हना, पन पाय वळतेत त्याचे, गोळे येतेत पायात, पहिलेपासून. परवा तलावाच्या मधातच पाय वळला, अर्धा घंटा ट्यूब धरून लोंबकळला. मी पाळीवर होतो. डोंगा असता तर दोन मिनटात पोहचलो असतो. दुसऱ्यायनं आनलं त्याले. मी घरी आलो, जेवलो नाही, पार्वता म्हने ताप हाये का. हो म्हटलं.

आता तुमी म्हनान, याच्या कागदावर नत्थूची सही खोटी, मंग त्याचा कागद बी खोटा. म्हनानच ना? मी असतो तर तेच म्हटलं असतं. म्हून लिहून घ्या — सुखरामचा डोंगा सुखरामनं बुडवला, नत्थूले सही कराले सुखरामनंच लावलं. आना, अंगठा देतो. सही बी येते मले, दोन्ही घ्या. नत्थूच्या डोंग्याचे तुकडे मागून पान्यातून ओढून काढले, पाळीच्या त्या टोकाले पडून हायेत, जाऊन हात लावून पाहा, त्यात एक गोटा निंघाला तर मले जेलात टाका.

नाही, मी नाही येत संगं. तो तिथंच बसला हाये, तुमची वाट पाहून राह्यला. त्याच्यासमोर मले उभं राहता येत नाही साहेब, तुमी एकटेच जा. — चहा राहू दे पार्वता, साहेब चालले. का झालं म्हून नोको विचारू. दरवाजा लाव.