चौदा नंबरचा पाय

...आणि वर मलाच विचारतात, "उंदीर तो उंदीर, त्याच्यासाठी एवढं तोंड पाडून काय बसायचं गो?" तुम्हीच सांगा, काय करू? पाय हलला होता हो! मागचा, डावा. मी पाहिला!

थांबा, पहिल्यापासून सांगते, या श्रीवर्धनात माझं ऐकून घेणारं आहे कोण? मी मुंबईला बी.एस्‌सी. झाले आणि कॉलेजातच प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली लागले. काम काय, तर कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होऊन उंदराचे मागचे पाय लुळे पडले, की त्याला थायरॉईडचं हार्मोन द्यायचं आणि पायांत पुन्हा जीव येतो का ते बघायचं. ऐन मध्यावर घरून तार... "आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ." आता माझ्या चौदा नंबरच्या उंदराला रोज गोळी कोण देणार? सर म्हणाले, "घेऊन जा. महिन्याभरात चालला तर त्याला घेऊन परत या, तोवर तुमची जागा ठेवतो."

रडत रडत घरी पोचते, तर आई ठणठणीत, नारळ खवतेय! आणि आमचे तात्या सुपारी कातरत म्हणतात कसे, "मुरूडचं स्थळ आलंय."

मी म्हटलं, एक महिना थांबा. मग रोज गोळीचा कण दुधात कालवायचा, त्याला पाजायचा, पाय चोळायचे, वहीत लिहायचं. तात्या ओरडतायत, "माळ्यावर उंदीर धरायला सापळा, आणि खाली उंदराला दूध! हे घर आहे की धर्मशाळा?" गोदावरीआत्या तिकडून, "माझी पाठ पाच वर्षं दुखतेय, मला नाही गो तुझ्याकडे गोळी?" म्हटलं, "आत्या, तुमचा कणा शाबूत आहे." "मग दुखतोय तो काय शेजारणीचा?"

मैत्रिणींची पत्रं आधी दर आठवड्याला, मग एक कार्ड, मग तेही नाही. बोलायला जीव म्हणाल तर एक चौदा नंबर. हसू नका! तो निदान मान वर करून ऐकायचा.

आणि एकोणिसाव्या दिवशी पाय हलला! मी घरभर धावले. तात्या म्हणाले, "वारा असेल." आत्या म्हणाल्या, "शेपूट असेल." वाडीत आमचा गडी रावजी सुपाऱ्या काढायला पोफळीच्या शेंड्यावर चढलेला, त्याला खालून ओरडून सांगितलं, तर तो वरून म्हणतो, "आसंल ताय, पन मना हितून काय दिसला न्हाय!"

पुढच्या मंगळवारी सकाळी बघते तर चौदा नंबरचं खोकं रिकामं. त्याला झाकण नव्हतंच, लुळा उंदीर जाणार कुठे? वीतभर उंच कड चढून गेला होता! सात पायऱ्यांची शिडी चढून मी माळ्यावर गेले... सापळाच नाही. आत्या म्हणाल्या, "सापळा ना? तात्या घेऊन गेले मुरूडला. आत उंदीर होता. आज अंगारकी, मारायचा कसा? खाडीच्या अलीकडे सोडला तर परत येतो, म्हणून पलीकडे सोडणार."

तिन्हीसांजेला तात्या आले, हातात रिकामा सापळा आणि पेढे.

"तात्या, पांढरा होता?"

"पांढराशुभ्र! दार उघडलं नि सुसाट पळाला."

"चारही पायांवर?"

"मग काय काठी टेकत?"

"अहो, तो माझा चौदा नंबर!"

"छट्! तुझा पांगळा. पांगळा उंदीर शिडी चढेल होय? आणि ऐक, अंगारकीला पांढरा उंदीर म्हणजे केवढा शुभशकुन! मी त्या पावलीच मुरूडकरांना सांगून आलो, रविवारी मुलगी बघायला या."

ऐकलंत? माझा उंदीर चालला, त्याच पायांनी माझं लग्न घेऊन आला!

सरांना लिहिलं. त्यांचं उत्तर, उंदीर समोर नाही तर काय मानायचं? शिवाय काही उंदीर आपोआपही बरे होतात. खरं आहे ते, मलाही माहीत आहे. पण पाय हलला होता! तात्यांना म्हटलं, तुम्ही एकटे साक्षीदार, दोन ओळी लिहा ना. तर म्हणाले, "मी उंदराची साक्ष देऊ? मुरूडकर काय म्हणतील?" म्हणजे बघा, यंदा या घरातून खाडी ओलांडून मुंबईच्या वाटेला लागला तो एकटा चौदा नंबर, आणि त्याला पोचवायला तात्या जातीने होडीत बसून गेले. मी अजून सकाळी गोळी फोडते हो... मग आठवतं.

रविवारी मुरूडची मंडळी आली. पोहे झाले, नाव विचारून झालं, आणि होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "मुली, जरा चालून दाखव पाहू."

चालले. दारापासून खिडकीपर्यंत, आणि परत.

सगळ्यांनी एका दमात मान्य केलं, पाय हलला. वारा असेल, असं कुणी म्हटलं नाही.