लाल वेष्टी आणि पिवळा हत्ती

हॅलो?… हो, मी रंगामामाच. या घरात दुसरा कोण उचलणार?… अगं पंकजे, आधी रडणं थांबव. हं… तुझ्या पवित्राला बघायला आले… शशांकचे आईवडील… जेवायला बसले… आणि व्याह्यांच्या पांढऱ्या वेष्टीवर… नेसत्या धोतरावर सांबार सांडलं. कोणी?… तूच! शाबास.

मग?… साबण चोळलास… आणि डाग लाल झाला? रक्तासारखा?… ऐयो! विहीणबाई काय म्हणतात?… अपशकुन? निघाल्या? सोयरीक नको म्हणतात?

हो, हो… अगं ऐक ना. कुंभकोणमच्या कॉलेजात जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या मी. ते रक्त नाही, सांबारातली हळद आहे… हळदच गं! साबण पाण्यात गेला की हायड्रॉक्साइड आयन सुटतात… राक्षस नव्हे! एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, अंगावर ऋण भार. पण भलते चोरटे. दिसेल त्याचा प्रोटॉन पळवतात. हळदीचा पळवला, ती रागाने लाल झाली. झालं!

छे, होम कसला करतेस? लिंबू पिळ. आंबटाकडे प्रोटॉन भरपूर. आयनला एक मिळाला की त्याचं पाणी होतं. हळदीचं तिला परत मिळतं… लिंबू नाही? मग विहीणबाईंचा चेहरा पिळ, तोही तेवढाच आंबट… बरं, बरं, चिंचेचं पाणी ओत.

घाबरतेस काय? नाचियार्कोविलला हळद माखलेला अख्खा हत्ती मी साबणाने धुतलाय. लालभडक झाला! गाव पायावर लोटलं, नारळ फुटले. मग चिंच चोळली… पुन्हा पिवळा. तुझी शपथ!… नको? बरं, माझी.

ओतलंस?… पिवळा झाला? बघ! आता उन्हात टाक, हळद उन्हाला टिकत नाही. आणि वेष्टी वाळेपर्यंत व्याही पंचा नेसून जातात कुठे? तेवढ्यात पायसम वाढ…

कोण हसतंय?… स्पीकरवर? कधीपासून?… पहिल्यापासून!

नमस्कार, महालक्ष्मीबाई… अहो, आंबट म्हणजे… चिंचेसारख्या गुणकारी, असं… हो, हो… सोयरीक पक्की? वा वा!… अट? एकच ना? सांगा की… वरातीला तो हत्ती?…

हॅलो?… हॅलो, पंकजे?… नाही गं, बाकी सगळं ऐकू येतंय. हत्ती तेवढा ऐकू येत नाही… हॅलो… ठेवतो हं…